फळीवरचे दोन दिवस

दसरा होऊन पाऊस पुरता उघडला, की चांदवडकडच्या रानांत दिवसभर ट्रॅक्टर गुरगुरत असतात. घरात बसून नुसत्या आवाजावरून मी सांगते, हा नांगरतोय, हा रिकामाच चाललाय, ह्याच्या ट्रॉलीत खत भरलेलं आहे. मध्येच कधीतरी एक दबलेला, ओढ लागलेला आवाज येतो. मागे काहीतरी जड जमिनीला घासत चाललेलं असतं. तो आवाज आला की मी हातातलं काम ठेवते आणि उभी राहते. सूनबाई म्हणते, आई, बसा की, कुणी आलेलं नाही. तिला काय सांगू? तो आवाज मी जन्मात कधी बसून ऐकलेला नाही. दोन दिवस ऐकला तोही उभ्यानं, पायाखाली फळी, हातात दोर आणि तोंडात माती.

ऐंशी साल लागायचं होतं. माझ्या सासऱ्यांना सगळी वस्ती तात्या म्हणायची, म्हणून मीही तात्याच म्हणायचे. त्यांना सरकारकडून एक एकर दहा गुंठे जमीन मिळाली होती. आमच्या बौद्ध वस्तीत त्याआधी कुणाच्या नावावर वाफाभर रान नव्हतं, त्यामुळे कागद हातात आला त्या दिवशी तात्यांनी वस्तीभर गूळ वाटला होता म्हणे. मी लग्न होऊन आले तेव्हा तो गूळ लोकांच्या लक्षात होता, पण जमिनीची मात्र चेष्टा चालायची. डोंगराच्या पायथ्याची पिढ्यान्‌पिढ्यांची पड ती. मधोमध टेंगूळ, दोन्ही अंगांना खळगे, आणि गुरांच्या पायवाटांच्या नाळी पडलेल्या. लोक म्हणायचे, तात्या, सरकारनं तुला रान नाय दिलं, उंट दिलाय.

तात्या हसायचे. मला मात्र हसू येत नसे. माझ्या माहेरी मी दुसऱ्यांच्या रानात कांदा लावत, निंदत वाढले. दिवसभर वाकून संध्याकाळी बांधावर पाठ सरळ केली की समोर दिसेल ते सगळं दुसऱ्याचं. त्यामुळे हा उंट का होईना, आपला आहे, ह्याचं मला किती अप्रूप होतं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही.

जमीन मिळाली ती अटीवर. ठरलेल्या मुदतीत ती वहितीखाली, म्हणजे लागवडीखाली आणायची, नाही तर सरकारजमा. पहिल्या वर्षी बाजरी पेरली, तर पहिल्याच मोठ्या पावसात टेंगळावरचं बी वाहून खळग्यात जाऊन बसलं. दुसऱ्या वर्षी हरभरा केला. टेंगूळ तोवर कोरडं ठाक, खळग्यात अजून चिखल, पेरणीची पाभर इथं उडतेय आणि तिथं रुततेय. त्या हिवाळ्यात तलाठी पीकपाहणीला आला. नवा, तरुण, सरळ मनाचा माणूस होता, आणि सरळ मनाच्या माणसाचीच जास्त भीती वाटते, कारण त्याला गळ घालता येत नाही. त्यानं निम्म्या रानाला ‘पड’ लिहिलं आणि तात्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की पुढल्या हिवाळ्यात तुमची मुदत संपते. तुकडा जरी पड दिसला तरी मला तसंच लिहावं लागेल, आणि ह्या जमिनीवर दुसऱ्या एकाचा अर्ज येऊन पडलेला आहे.

त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. भाकरी थापताना मी परातीतल्या पिठाकडे बघायचे आणि मनात म्हणायचे, हे इतकं सोपं असतं तर.

माझा नवरा तेव्हा नाशकात द्वारकेजवळ ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका गॅरेजात कामाला होता. आठवड्याला घरी यायचा. हाताला वेल्डिंगचा वास, बोलणं कमी, डोकं मात्र चालणारं. रान सपाट करायला मागे ओढतात ती फळी, पहिली आम्ही त्याला न विचारता केली होती. बाभळीचा ओंडका, दोन्ही टोकांना साखळ्या, पुढे बैलजोडी. ओंडका ढेकळांवरून गडगडत गेला आणि ढेकळं जिथल्या तिथं राहिली. मग त्यानं ट्रकची तीन जुनी टायरं एकाला एक बोल्टांनी जोडून आणली, आत दगड भरले. ती म्हशीसारखी लोळत लोळत गेली, खळग्यात खाली आणि टेंगळावर वर. तात्या म्हणाले, ही रान सपाट करत नाय, रानाला चोळून देते. पुढच्या खेपेला एका ट्रकच्या टपावरून तिसरी फळी आली. मोडलेल्या ट्रकच्या चॅसीचे, म्हणजे सांगाड्याचे, दोन लांब लोखंडी चॅनेल एकामागे एक, मध्ये हातभर अंतर, पुढच्याची कड घासून धार लावलेली, आणि दोन्हींवर आडवी सागाची जाड पाटी. पाटी कशाला, म्हणून मी विचारलं. म्हणाला, माणूस उभा राहायला.

ही बैलांनी ओढण्याजोगी नव्हती, ट्रॅक्टर पाहिजे होता. शेजारच्या रानाचे निवृत्तीआप्पा आसपासच्या चार गावांत ट्रॅक्टरवाले. माणूस तिरसट, पण आमच्या ह्यांनी त्यांच्या ट्रॉलीचा मोडका दांडा एका रविवारी जोडून दिला होता आणि चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. आप्पांनी त्याची सावड दोन दिवसांच्या ट्रॅक्टरनं फेडायचं कबूल केलं. दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी त्यांना कांदा घेऊन पिंपळगावला जायचं होतं आणि पुढे त्यांची स्वतःची पेरणी होती. स्टिअरिंगला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत.

आता वाफसा म्हणजे काय ते शहरातल्या माणसाला सांगायचं म्हटलं तर अवघड आहे. जमीन ओली पण चिकट नाही, मोकळी पण कोरडी नाही, असे मोजके दिवस असतात. तात्या कोपरभर उकरून मूठभर माती घ्यायचे, तिचा लाडू वळायचे आणि छातीच्या उंचीवरून सोडायचे. फुटून पसरला तर वाफसा. त्या सकाळी लाडू फुटला, तात्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. पण गंमत अशी, की रान सपाट करायला उघडं करावं लागतं, आणि उघडं केलं की त्याची ओल उडते. फळीची एक फेरी मारली की रान एवढं सरळ झालं आणि तेवढंच सुकलं. बिनओलीच्या सपाट रानात हरभरा उगवत नाही. म्हणजे किती करायचं हे जितकं महत्त्वाचं, तितकंच कुठे थांबायचं हेही.

फळीवर उभं कोण राहणार? नवऱ्याला रजा नव्हती. तात्यांना उभं राहायची हौस होती, पण त्यांचे गुडघे तसले. मी म्हटलं, मी राहते. आप्पांनी ट्रॅक्टरवरूनच तोंड फिरवलं. बाईमाणूस फळीवर, हे त्यांना पटलं नव्हतं. पण वजन पाहिजे होतं आणि दिवस वर चढत होता.

पहिल्या दोन फेऱ्या मी नुसती वजन होते. दोर घट्ट धरायचा आणि दात दातांवर दाबायचे. मग हळूहळू पायांना कळायला लागलं. पुढच्या बोटांवर भार दिला की धार खाली जाते, माती उचलते, पुढ्यात तिचा ढीग वाढत जातो. टाचांवर मागे सरकलं की ढीग सुटतो. म्हणजे टेंगळावर पुढे, खळग्यावर मागे. ट्रॅक्टर नुसता ओढत होता, रान मी करत होते, माझ्या दहा बोटांनी. हे लक्षात आलं तेव्हा मला जे वाटलं ते मी नंतर कधी अनुभवलं नाही. मुलगा झाला तेव्हा आनंद झाला, पक्कं घर झालं तेव्हाही झाला, पण हे वेगळं होतं. आजही एसटीत उभं राहावं लागलं आणि ड्रायव्हरनं ब्रेक मारला, तर माझी बोटं चपलेत आपोआप पुढे दाबली जातात.

पहिला दिवस मावळताना तात्या बांधावर पालथे झोपले. गाल मातीला टेकवून, एक डोळा मिटून ते रानाकडे बघत राहिले. उठले तेव्हा गालाला माती तशीच होती. दोन्ही खळगे भरले होते, गुरांच्या नाळी बुजल्या होत्या. उरलं होतं मधलं टेंगूळ, तेही कमरेइतकं होतं ते आता गुडघ्याइतकं राहिलं होतं. मी त्या संध्याकाळी जेवले नाही. हात दोराच्या घर्षणानं सोलले होते, घास धरवत नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत टेंगूळ वीतभर उरलं. तात्यांनी मूठभर माती उचलली, लाडू वळून सोडला. तो जमिनीला लागायच्या आधी हवेतच विसकटला. ओल चालली होती. ते फळीपाशी आले आणि म्हणाले, पुरे आता. राहू दे तेवढं, पाभर जाईल त्याच्यावरनं. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नको.

मी ऐकलं असतं तर हा लेख मला लिहावा लागला नसता. पण मला ते टेंगूळ दिसत होतं. रान परातीसारखं झालं होतं आणि मधे हे एवढं उरलेलं. उंट म्हणणारे सगळे लोक माझ्या डोळ्यांपुढे उभे होते. मी तात्यांना म्हटलं, दोनच फेऱ्या, आणि ते काही बोलायच्या आत आप्पांना हात केला. आप्पा निघाले. तात्या बाजूला झाले.

पहिल्या फेरीला मी बोटांवर एवढा भार दिला की पोटऱ्या थरथरल्या. धार आत घुसली. पुढ्यात काळ्या मातीचा ढीग होता, तो अचानक पांढरा झाला. मी खाली बघितलं. काळी माती खरवडून संपली होती आणि खालची चुनखडी वर येत होती, आणि मी ती पांढरी माती पुढच्या चांगल्या रानावर पसरवत चालले होते. मागे सरकायला पाहिजे होतं, तेव्हाच, त्याच क्षणी. मला कळतही होतं. पण एकदा हात घातलाय तर निभावून न्यावं, असला काहीतरी मूर्खपणा माझ्या अंगात शिरला होता. मी दुसऱ्या फेरीलाही पुढेच झुकले.

चुनखडीत दगड होता. धार त्याला अडली, ट्रॅक्टर ओढत राहिला, फळी मागून उचलली गेली आणि मी दोरासकट पुढे फेकली गेले, फळी आणि ट्रॅक्टर ह्यांच्या मधे. आप्पांना काही ऐकू जाणं शक्यच नव्हतं. ते मागे बघतच नसत, सरळ समोरच्या बांधावर नजर. साखळ्या ताणलेल्या मला दिसत होत्या. दगड सुटला असता तर ते लोखंड माझ्यावरून गेलं असतं. गुडघे दुखणारा माझा सासरा त्या मोकळ्या मातीतून कसा पळाला ते मला आजवर कळलेलं नाही. मला दिसले ते थेट ट्रॅक्टरच्या तोंडासमोर दोन्ही हात पसरून उभे असलेले. आप्पांनी क्लच दाबला, ट्रॅक्टर थांबला, आणि साखळ्या ढिल्या पडताना फळी माझ्या डाव्या पायावर बसली.

दोन बोटं गेली म्हणण्याइतकी गेली नाहीत, पण ती तेव्हापासून नुसती नावाला आहेत. आप्पांनी मला ट्रॅक्टरवरूनच चांदवडला डॉक्टरकडे नेलं. टाके घालून झाल्यावरच ते बाहेर विडी प्यायला गेले. त्याच संध्याकाळी तात्यांनी आप्पांचीच बैलजोडी मागून आणली आणि ओल आहे तोवर सगळं रान पेरलं. पांढऱ्या मातीवरसुद्धा पेरलं.

आठ-दहा दिवसांनी हरभरा वर आला. वस्तीतल्या बाया येऊन सांगायच्या, काय छान उगवलंय गं, सरळ रेघा. मग थोडं थांबून सांगायच्या, मधला तुकडा सोडून. गुंठाभराचा तो तुकडा उगवलाच नाही. मला घरातून बाहेर पडता येत नव्हतं, पाय उशीवर. पण डोळे मिटले की मला ते टक्कल दिसायचं. तुकडा जरी पड दिसला तरी, असं तलाठी म्हणाला होता. माझ्या वाईटावर असता तो माणूस तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या. हे सगळं माझ्याच दहा बोटांनी केलेलं.

आणि तात्या माझ्याशी बोलेनासे झाले. रागावले असते तर बरं झालं असतं. पाण्याचा तांब्या माझ्या उशाशी ठेवायचे, भाकरी आणून द्यायचे, पण एक शब्द नाही. पहाटे उजाडताना उठून रानात जायचे ते ऊन चढल्यावर यायचे. हातापायांना चिखल. बाया म्हणायच्या, तात्या रोज नाल्यावरनं घागरी आणून त्या टकलावर पाणी ओततात, वर काहीतरी बडवत बसतात. मला वाटलं, मेलेल्या मातीला उठवायला बसलेत. मी तोंड भिंतीकडे करून रडायचे. नवरा शनिवारी आला तर त्यालाही मी सांगितलं, मी तुमची जमीन घालवली. तो म्हणाला, फळी मी केली होती. त्यानं समजूत घालायला म्हटलं, पण मला ते अजूनच लागलं.

लोकांना वाटतं जमीन सपाट करणं म्हणजे उंच ते काढून खोलात भरायचं, झालं. तसं नसतं. वरची वीतभर माती तीच खरी जमीन, बाकी सगळा मुरूम. ती वीतभर माती तयार व्हायला किती पिढ्या लागतात देव जाणे, आणि खरवडायला एक हट्टी बाई पुरते. ह्यावर पुढे मी पुष्कळ विचार केला. घरातली चार माणसं एकसारखी करायला कुणी निघालेलं मी बघते तेव्हा मला वाटतं, थांबा जरा, खाली काय आहे ते बघा. पण त्या हिवाळ्यात एवढं शहाणपण नव्हतं. नुसती भीती होती.

तलाठी आला तेव्हा मी काठी घेऊन पहिल्यांदा रानात गेले. जायलाच पाहिजे होतं. बोलायची पाळी आली तर दोष माझा आहे हे सांगायचं मी ठरवलं होतं, म्हणजे निदान तात्यांना अजून एक वर्ष मागता आलं असतं. हरभरा वीतभर झाला होता, आणि खरंच, रान असं सरळ की मला स्वतःचा अभिमान वाटावा आणि त्याच वेळी लाज वाटावी. तलाठी बांधाबांधानं फिरला. मग आत शिरला आणि मधल्या तुकड्यापाशी थांबला. मी काठीचा जोर करत पोचले.

ते टक्कल नव्हतं. गुंठाभर जमीन गोल, कडेनं मातीची बोटभर मेर, बडवून बडवून पाटासारखी घट्ट केलेली आणि वरून शेणानं सारवलेली. मधोमध लाकडाची मेढ रोवलेली, बैल फिरवायला. सारवण हे घरात माझं काम. हे हात पुरुषाचे होते, पट्टे वेडेवाकडे, कुठं जाड, कुठं पातळ.

तलाठ्यानं विचारलं, हे काय?

“खळं हाय साहेब,” तात्या म्हणाले. “रानात मळणीला खळं नको?”

तलाठी हसला. पीक वीतभर, अजून दाण्याचा घाटा धरायचा आहे, आणि खळं आत्ताच तयार. आमच्या भागात पीक हाताशी आल्याशिवाय कुणी खळं करत नाही, आधी करणं चांगलं मानत नाहीत. तो म्हणाला, तात्या, हे म्हणजे उतावळा नवरा अन्‌ गुडघ्याला बाशिंग झालं. तात्या त्याच्यासारखं हसले नाहीत. खाली बघत म्हणाले, पहिलंच रान हाय आमच्या सात पिढ्यांतलं, उतावळे तर असणारच. तलाठी थोडा वेळ त्या मेढीकडे बघत राहिला. त्याला काय कळलं, काय नाही, मला माहीत नाही. मग त्यानं मांडीवर वही टेकवली आणि लिहिलं. एक एकर दहा गुंठे, हरभरा. पड, काही नाही.

तो दिसेनासा होईपर्यंत आम्ही दोघं खळ्याच्या कडेला उभे होतो. मग महिन्याभरानं तात्या माझ्याशी बोलले.

“मी जन्मात खोटं बोललो नाय, सूनबाई. आज बोललो. आता ह्या खळ्यावर रास पडली पायजे.”

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार? त्या दिवसापासून मी काठी घेऊन रोज रानात गेले. घाटे अळीनं खाऊ नयेत म्हणून हातानं अळ्या वेचल्या, पाखरं हाकली, थंडीच्या पहाटे धूर केला. झोपेत हरभरा जळालेला दिसायचा आणि मी उठून बसायचे. शिमग्याच्या पुढेमागे मळणी झाली. बैल मेढीभोवती फिरले, त्यांच्या मागे मी एका पायावर भार देत फिरले, आणि वाऱ्यावर उधळून रास पडली. फार मोठी नव्हती, पण रास होती.

तात्यांनी त्यातली पहिली पाटी भरली, डोक्यावर घेतली आणि ते चालत चांदवडला तलाठी कचेरीत गेले. तलाठी घाबरला, म्हणाला, हे कशाला आणलंत, मी घेणार नाही. तात्यांनी पाटी टेबलावर ठेवली.

म्हणाले, “देत नाय साहेब. दाखवतोय.”

आणि पाटी परत डोक्यावर घेऊन घरी आले.